चॅसीला पट्ट्या मारल्यावर दार लागेना: गाडी टेकवताना कुठे चुकतं

"अण्णा, परवा खालनं पट्ट्या मारून घेतल्या आणि कालपासनं दार लागंना झालंय."

हे वाक्य घेऊन आलेली गाडी माझ्या गॅरेजात वर्षातनं पाच-सात वेळा तरी येते. मालक वैतागलेला असतो. पैसे मोजून, गंजलेल्या तळाला लोखंडी पट्ट्या वेल्ड करून गाडी मजबूत करून घेतली आणि काल बोटानं लागणारं दार आज आपटावं लागतंय, तर वैतागणारच. कुणी बिजागऱ्या बदललेल्या असतात, कुणी लॉकचा खुंटा, म्हणजे चौकटीवरचा ज्यात दाराचं लॉक अडकतं तो, घासलेला असतो, कुणी दाराचं रबर कापलेलं असतं. महिनाभर बरं चालतं. मग पट्टीच्या कडेला चीर जाते, दार परत अडतं, परत वेल्डिंग. तिसऱ्या खेपेला गाडी येते तेव्हा तळाला मूळ पत्रा कमी आणि वेल्डिंगचे थर जास्त झालेले असतात. शोधत गेलं की बहुतेक वेळा मूळ एकच निघतं. पट्टी मारली तेव्हा गाडी ज्या टेकूंवर उभी होती, ते टेकूच चुकीच्या जागी होते.

सांगलीत हे काम इतकं का निघतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी तिथं 45 फूट आहे. 2021 च्या जुलैत परत महापूर. शामरावनगर, गावभाग, सांगलीवाडी इथल्या किती गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. लोकांनी इंजिन उघडलं, वायरिंग बदललं, सीटा उन्हात वाळवल्या. पण दाराखालची जी बंद पेटी असते, जिला आपण सिल म्हणतो, तिच्या आत आणि तळाच्या बॉक्समध्ये बसलेला गाळ कुणी काढला नाही. पाणी निघून जायची भोकं त्या गाळानं बुजली. वरनं गाडी धुवून-पुसून चकचकीत, आतनं पत्रा ओलाच. तो गंज आता तळातनं बाहेर पडायला लागलाय.

मारुती 800, ओम्नी, अल्टो, वॅगन आर या गाड्यांना बोलेरोसारखी वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नसते. बोलताना आपण चॅसी म्हणतो, पण तळ, सिल, खांब आणि छत मिळून जो पत्र्याचा डबा होतो, तोच सगळा भार पेलतो. हा डबा तुम्ही कुठं उचलता त्याप्रमाणे थोडासा वाकतो. पत्रा धड असेल तर खाली ठेवल्यावर पूर्ववत होतो. कुजला असेल तर जास्त वाकतो, आणि वाकलेल्या अवस्थेत तुम्ही पट्टी मारली की ते वाकणं कायमचं होतं. बाज विणताना चौकट तिरकी धरली तर दोरी ताणल्यावर ती तिरकीच राहते, नंतर कितीही ठोका. तसंच हे.

म्हणून दार अडायला लागलं की खुंट्याला हात लावायच्या आधी दार काय सांगतंय ते ऐका.

पहिल्यांदा बिजागरी बघून घ्या. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला धरून वर उचला. खडखड हललं तर पिना झिजल्यात, आणि तो दोष वेगळा, सोपा. हललं नाही तर खुंट्याला थोडं ग्रीस लावा, दार सावकाश टेकवा आणि लॉकच्या तोंडाला ग्रीस कुठं लागलं ते बघा.

दाराचं मागचं टोक वर चढलं असेल, म्हणजे लॉक खुंट्याच्या वरच्या अंगाला लागत असेल, तर गाडीचं नाक खाली गेलंय. दार पुढच्या खांबाला लटकलेलं असतं. तो खांब पुढं झुकला की दाराचं मागचं टोक वर जातं. अशी गाडी बहुधा मध्यावर टेकवलेली असते: दोन खांबांच्या लिफ्टवर, किंवा चारही स्टँड दारांच्या खाली जवळजवळ लावून. पुढं इंजिन आणि गिअरबॉक्स लोंबतात, मागं टाकी आणि डिकी लोंबते, आणि कारागीर मधे बसून पट्टी मारतो. त्याला खालनं सगळं सरळच दिसतं.

उलट दाराचं मागचं टोक खाली बसलं असेल, तर गाडी पोटात खचलीय. कुजलेल्या सिलच्या गाडीला नाकाखाली एक आणि शेपटीखाली एक असे टेकू दिले की असं होतं. इथं एक गोष्ट तपासायलाच हवी. वेल्डिंगच्या आधीपासनं दार खाली बसत होतं का? मालकाला विचारा. तो म्हणाला, "दोन वर्षं झाली, दार जरा उचलूनच लावतोय," तर गाडी गंजानं आधीच खचली होती आणि पट्टी मारणाऱ्यानं ती खचलेलीच पक्की केली.

आणि एका बाजूची दारं मऊ लागतात, दुसऱ्या बाजूची अडतात, किंवा काही दिवसांत पुढच्या काचेला कोपऱ्यातनं तडा जातो, तेव्हा गाडी पिळलेली असते. चारपैकी एक टेकू बाकीच्यांपेक्षा वर किंवा खाली होता.

हा तिसरा प्रकार माझ्या स्वतःच्या हातून झालाय. गॅरेज नवीन होतं, निम्म्या जागेत कोबा, निम्म्या जागेत नुसता मुरूम. एक 800 चार स्टँडवर घेतली, त्यातला मागचा डावा स्टँड मुरमावर. संध्याकाळी पट्ट्यांना नुसते टाके, म्हणजे अंतरा-अंतरावर वेल्डिंगचे ठिपके, मारून घरी गेलो. रात्री वळीव पडला. सकाळी मी कसलंही माप न घेता टाक्यांवर पूर्ण वेल्डिंग ओढलं. गाडी उतरवली तेव्हा मागचं एक चाक जमिनीला नीट टेकेना आणि उजवं दार लागेना. स्टँडचा पाय मुरमात बोटभर रुतला होता. मालक कवठे महांकाळचे एक वयस्क गृहस्थ, एक शब्द वाकडा बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. सगळ्या पट्ट्या कापून काम पहिल्यापासनं केलं, स्वतःच्या खर्चानं. तेव्हापासनं माझ्याकडे स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट असल्याशिवाय गाडी चढत नाही, आणि रात्र मधे गेली की सकाळी मापं परत घेतल्याशिवाय वेल्डिंगची टॉर्च हातात घ्यायची नाही, हे गॅरेजमधल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे.

आता बरोबर काय ते सांगतो.

गाडीचा भार चाकांवरच ठेवा. रस्त्यावर ती जशी उभी राहते तशीच ती वेल्डिंगच्या वेळी उभी हवी. चार खांबांची लिफ्ट असेल तर प्रश्नच नाही, गाडी त्यावर चाकांनी उभी असते. वॉशिंगचा रॅम्पही चालतो, चाकं रॅम्पवरच टेकलेली असतील तर. दोन्ही नसेल तर बाभळीचे किंवा जुन्या रेल्वे स्लीपरचे ठोकळे आडवे-उभे रचून चार चौथरे करा, एक ते सव्वा फूट उंच, टायरपेक्षा रुंद. गाडी एकेक टोक उचलून त्यांवर घ्या, चारही टायरांना दोन्हीकडून पाचर ठोका. टायरांची हवा सारखी करा. इंजिन गाडीतच असू द्या. इंजिन उतरवलेल्या गाडीला पट्ट्या मारल्या तर नाक मोकळं होऊन वर आलेलं असतं, आणि इंजिन बसवल्यावर सगळा ताण नव्या वेल्डिंगवर येतो.

चाकं काढल्याशिवाय हात पोचतच नसेल, तर स्टँड मागं अ‍ॅक्सलच्या नळीखाली, चाकाच्या जवळ, आणि पुढं खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या टोकाखाली लावा. मग स्प्रिंग दबलेली राहते आणि बॉडीला वाटतं की आपण चाकांवरच आहोत. आर्मचं टोक मात्र निसरडं असतं. तिथं खाचेचं डोकं असलेला स्टँडच वापरा आणि सिलखाली काढलेली चाकं आडवी सरकवून ठेवा.

गाडी अशी उभी राहिली की मापं घ्यायची. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत, गवंड्याचं सामान पुरतं. तळाला पुढं दोन आणि मागं दोन अशी चार मूळ भोकं निवडा, कंपनीनं पाडलेली, दोन्ही अंगांना सारखी. प्रत्येकातनं ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूनं टिंब करा. पुढच्या डाव्या टिंबापासनं मागच्या उजव्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासनं मागच्या डाव्यापर्यंत टेप धरा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. मी तीन मिलीमीटरपर्यंत फरक धकवतो, त्यापुढे नाही. मग पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या, गवंडी पायाला लावतात ती, आणि सिलची चारही टोकं तपासा. इथं पुष्कळ जण चुकतात. पुढं डावी बाजू पाच मिलीमीटर खाली आहे आणि मागंही डावी बाजू तेवढीच खाली आहे, तर गाडी नुसती कललीय, घाबरायचं कारण नाही. पण पुढं डावी खाली आणि मागं उजवी खाली असेल, तर ती पिळलीय. ज्या कोपऱ्यात कमी आहे तिथं चौथऱ्यावर पातळ फळी सरकवा आणि परत बघा.

यानंतर दारं. सगळी दारं बसवलेली हवीत, लागलेली हवीत. प्रत्येक दाराच्या फटीशेजारी मास्किंग टेप चिकटवा आणि वर, मधे, खाली अशा तीन जागी फट किती मिलीमीटर आहे ते टेपवरच पेनानं लिहा. माझ्या मते या सगळ्या कामात दारापेक्षा चांगलं गेज नाही. ओळंबा तळाचं सांगतो, दार अख्ख्या डब्याचं सांगतं.

गाडी आधीच पोटात खचलेली असेल, तर नुसती चाकांवर उभी करून भागत नाही. तशीच पट्टी मारली तर खचलेपण पक्कं होईल. मधल्या खांबाच्या खाली, सिलवर दोन फूट लांब जाड फळी धरून ट्रॉली जॅकनं हळूहळू भार द्या. फळी एवढ्याचसाठी की कुजलेल्या सिलमध्ये जॅकचं डोकं सरळ आत घुसतं. जॅकचा दांडा एकानं हलवावा आणि दुसऱ्यानं फटीकडं बघत बसावं. फट वर-खाली सारखी झाली आणि दार बोटानं लागलं, की थांबा. एक दांडा जास्त झाला तरी नाक पडायला लागतं. त्या उंचीला स्टँड लावा आणि जॅक ढिला करा. जॅकमधल्या तेलावर विसंबून काम करायचं नाही, जॅक दोन तासांत चोरपावलांनी खाली येतो.

सिल कापूनच नवीन टाकायची असेल, तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतल्या अंगानं पाइपचा आधार द्या: पुढच्या खांबाच्या बिजागरीच्या बोल्टपासनं मधल्या खांबाच्या सीटबेल्टच्या बोल्टपर्यंत. दार लावता येईल असा तो आत घ्यावा, नाहीतर आपलं गेजच बंद पडतं. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापलेली गाडी मी पाहिलीय. ती मधनं अशी बसली होती की छतालाही घडी पडली होती.

वेल्डिंग सीओटूनं, म्हणजे गॅस सोडत बारीक तारेनं करतात त्या मशिननं, करा. तळाचा पत्रा मिलीमीटरच्या आतबाहेरचा असतो, आर्कच्या काडीनं तो जळतो आणि भोक बुजवता बुजवता कारागीर उष्णता ओततच राहतो. उष्णतेचा हिशेब साधा आहे. एक मीटर लोखंडी पट्टी 100 अंशांनी तापली की सुमारे 1.2 मिलीमीटर वाढते, आणि गार होताना आखडते. वेल्डिंगची रेघ याहून कितीतरी जास्त तापते, म्हणून आखडताना पत्र्याला आपल्याकडं ओढते. दाराची फट मुळात चार-पाच मिलीमीटरची. एका बाजूची अख्खी पट्टी एका दमात ओढली तर टेकू कितीही बरोबर असले तरी गाडी ओढली जाणार. आधी चार-चार टाके मारा, दार लावून बघा, टेपवरचे आकडे ताडून बघा. मग इंच-इंच रेघ, पुढं डावीकडं एक, मागं उजवीकडं एक, असं फिरत राहा. हात लावता येईल इतकं गार झाल्याशिवाय शेजारची रेघ नाही. पाणी मारून गार करायची सवय असेल तर ती सोडा. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जवळच्या पत्र्याला लावा, आणि बॅटरीची मायनस वायर आधीच काढून ठेवा.

गाडीखाली माणूस असतो, म्हणून पुढचं जरा खडसावून सांगतो. विटा, दगड, सिमेंटचे ब्लॉक यांवर गाडी टेकवून कुणीही खाली शिरू नये. वीट भार घेते, घेते आणि काही न सांगता फुटते. नुसत्या जॅकवर तर नाहीच. टेकू लावले की बाहेर उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी चांगला हिसका द्या. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. मागच्या तळाला काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवा, रिकामी असली तरी, कारण रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. गॅसकिटची टाकी तर पूर्ण बाहेर. गालिचा, फोम, तळाचा डांबरी लेप हे सगळं वेल्डिंगच्या दुसऱ्या अंगाला पेटतं आणि खालच्याला दिसत नाही. वरती एक माणूस पाणी आणि अग्निशामक घेऊन बसलेला हवा. आणि गॅरेजच्या खड्ड्यात उतरून सीओटू वेल्डिंग करू नका. तो गॅस हवेपेक्षा जड, खड्ड्यात साठतो आणि माणूस गुदमरतो. पेट्रोलची वाफही तशीच खाली उतरते.

बोलेरो पिकअप, जुनी जीप यांची गोष्ट वेगळी. तिथं खरीखुरी शिडीची चॅसी असते. तासगावकडनं द्राक्षाच्या पेट्या आणि बेदाणा वाहणाऱ्या पिकअप केबिनच्या मागं चॅसीला चीर घेऊन येतात. आधी माल उतरवा. दोन्ही अ‍ॅक्सलमधल्या भागात भार खाली दाबतो, म्हणून चीर खालच्या अंगाला उघडते. चिरेच्या दोन्ही बाजूंना टेकू देऊन ती मिटेपर्यंत मधे उचला, चिरेच्या टोकाला पाच-सहा मिलीमीटरचं भोक पाडून तिची वाट अडवा, चीर भरा, मगच वर प्लेट. प्लेटची टोकं सरळ उभी कापू नका, तिरकी कापा. उभ्या रेघेशी नवीन चीर हमखास सुरू होते. माल जास्त मावावा म्हणून चॅसी लांबवून द्या असंही कुणी म्हणतं. ते मी करत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि त्या गाडीच्या मागं उद्या कुणाचं तरी पोर स्कूटरवर असेल.

अगदी अलीकडच्या गाड्यांच्या मधल्या खांबाला आणि सिलला खास कडक पोलाद असतं. ते तापलं की त्याची ताकद जाते. तिथं हे गॅरेजचं काम नव्हे, कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात सांगितलेल्या जागीच कापायचं आणि जोडायचं.

आता ज्यांची गाडी आधीच चुकीची जोडली गेलीय त्यांच्यासाठी. खुंटा घासू नका, दार वाकवू नका. गाडी वर सांगितल्यासारखी चाकांवर चौथऱ्यांवर घ्या, मापं लिहा, आणि प्रत्येक पट्टीचं एकच टोक ग्राइंडरनं मोकळं करा. शेवटचा धागा सुटताना बऱ्याचदा "टक" असा आवाज येतो आणि कापलेली जागा उघडते किंवा एकावर एक चढते. ती किती सरकली ते मोजा. तेवढा ताण इतके दिवस तुमच्या पट्टीत कोंडलेला होता, आणि तोच कडेला चिरा पाडत होता. हरिपूरच्या एका आचाऱ्याच्या ओम्नीत हे अंतर साडेतीन मिलीमीटर निघालं. दुसऱ्या एका गॅरेजात तिला दोनदा पट्ट्या मारल्या होत्या, दोन्ही वेळा मध्यावर उचलून. पट्टी सुटल्याबरोबर सरकतं दार पोरानं एका हातानं ओढलं, आणि ते शेवटपर्यंत सरकत गेलं. आचारी तिथंच उभे होते. "आरं, हे तर नव्या गाडीगत झालं," एवढंच म्हणाले.

मोकळं झाल्यावर फटी सारख्या करा आणि ते टोक परत जोडा, टाके, तपासणी, इंच-इंच रेघ याच क्रमानं. गार झाल्यावर झिंक प्रायमर मारा, सिलची पाण्याची भोकं तारेनं मोकळी करा, आत मेण किंवा गंजरोधक फवारा. दारावरच्या टेपा मात्र लगेच काढू नका. मालकाला तशीच गाडी द्या, आठ दिवस मिरज-सांगली फिरू दे, गतिरोधक चढू-उतरू दे, मग बोलावून तेच आकडे परत मोजा. एक मिलीमीटरच्या आत असतील तर टेपा काढा आणि व्हील अलाइनमेंटला पाठवा.